पांढरी रेघ

"बाई, अख्खं मैदान वर बघतंय आणि तुम्ही माझ्याकडे. फोटो तुमचाच काढू का?"

एल्मस्टोच्या विमान-प्रदर्शनात टेसाच्या वडिलांनी आपलं हरिकेन गवती धावपट्टीवरून नुकतंच वर नेलं होतं आणि ती त्याच्याकडे पाठ करून, कुंपणापलीकडच्या फोटोवाल्यांकडे तोंड करून उभी होती. महायुद्धातलं ते लढाऊ विमान वर्षभर तीच दुरुस्त करायची. उडताना मात्र तिला बघवत नसे. घडीच्या शिड्यांवर चढलेल्या माणसांच्या चाळीसेक लांबलचक लेन्स एकदम वळायच्या, त्यावरून विमान कुठे आहे ते तिला कळायचं. लेन्स फिरतायत, म्हणजे बाबा ठीक आहेत.

"तुमच्याकडे नाही," ती म्हणाली. "तुमच्या लेन्सकडे."

"लेन्स मावसभावाची आहे. डोळे माझे आहेत, तिकडे बघितलंत तरी चालेल."

तिला हसू आलं.

त्याचं नाव गेथिन. वेल्समधला पोस्टमन. मे महिन्यातली ती ओळख जुलैत 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, कारण पावसानं कार्यक्रम दोन तास अडला आणि दोघं एकाच ताडपत्रीखाली, एकाच थर्मासमधला चहा पीत बसले. ओल्या गवताचा आणि पेट्रोलचा वास येत होता. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागत होतं आणि दोघंही ते बाजूला घेत नव्हती.

"शटर हळू ठेवायचं," तो सांगत होता. "सेकंदाचा साठावा भाग. मग विमानाच्या फिरत्या पंख्याची पूर्ण तबकडी दिसते. घाई केली की पाती थिजतात, विमान मेल्यासारखं दिसतं."

"असं बोलू नकोस."

तो हळूच म्हणाला, "तू का बघत नाहीस?"

"सात वर्षांपूर्वी एक बघितलं होतं... ते उतरलं नाही."

पावसाचे थेंब ताडपत्रीवरून ओघळत राहिले.

"मग मी बघतो आणि तुला सांगत जातो," गेथिन म्हणाला.

"आणि फोटो?"

"डोळा कॅमेऱ्याला, तोंड तुला. पोस्टातली माणसं एका वेळी दोन कामं करतात, लोकांना पटत नाही."

सप्टेंबरच्या शेवटच्या कार्यक्रमात तो तसंच सांगत होता. ती कुंपणाला खेटून उभी, तो शिडीवर.

"डावीकडे वळतायत. सूर्य पंखावर. सरळ झाले. आता आपल्यासमोरून... वा, काय सुंदर—"

वाक्य तुटलं.

"गेथिन?"

"पोटाखालून रेघ निघतेय. धुरासारखी."

"रंग?"

"उजेड उलटा आहे, कळत नाही. थांब." त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला, शिडीवरून वाकून तिच्यापुढे धरला. पंख्याची तबकडी पूर्ण उमटली होती. आणि खाली, स्वच्छ, पांढरी रेघ.

काळी असती तर तेल. पांढरी म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. ते संपलं की इंजिन काही मिनिटांत जाम होतं, आणि बाबांना विमानाच्या पोटाखालचं काहीच दिसत नाही. कूलंटच्या नळीची पट्टी तिनं गुरुवारी बदलली होती.

खांद्यावरचा रेडिओ तिनं ओढला. "टेसा बोलतेय. हरिकेनचं कूलंट जातंय. आत्ता उतरवा. फेरी पुरी करू देऊ नका."

पलीकडून होकार आला. मग वर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि थांबलं. त्या शांततेत कुणाचं तरी लहान मूल रडलेलं ऐकू आलं.

"बघू नकोस," गेथिन म्हणाला. "मी सांगतो. उंची आहे त्यांच्याकडे... टेसा, बघू नकोस."

पण ती वळली होती. विमान वाऱ्यावर, बिनआवाजाचं, पॉप्लरच्या रांगेकडे खाली येत होतं. झाडं फार जवळ होती. तिनं मागे हात नेला. शिडीवरून उतरलेल्या गेथिननं कुंपणाच्या तारांतून तो धरला. चाकं शेंड्यांवरून गेली, गवताला टेकली, उसळली, पुन्हा टेकली. विमान धावत धावत थांबलं. काच मागे सरकली आणि बाबांची टोपी बाहेर आली.

टेसानं तारांतला हात तसाच धरून ठेवला.

"हा फोटो..." गेथिन दबक्या आवाजात म्हणाला. "चौकशी होईल. तुझ्या कामावर आलं तर? पुसून टाकू?"

या फोटोसाठी तो तीन उन्हाळे फिरला होता, हे तिला माहीत होतं. एवढं बोलणं त्याला किती जड गेलं असेल, तेही कळलं. म्हणूनच ती जास्त भडकली.

"पुसलास तर तुझं तोंड बघणार नाही."

"आणि नाही पुसला तर बघशील?"

तिनं हात सोडवून घेतला आणि विमानाकडे धावली.

संध्याकाळी तपासनीसासमोर हरिकेनचं झाकण उघडलं. तिनं बसवलेली पट्टी घट्ट होती. नळी पट्टीच्या पुढे बोटभर चिरली होती.

"हे गुरुवारी दिसायला हवं होतं," बाबा म्हणाले. आवाज कोरडा होता, पण त्यांचा हात तिच्या पाठीवरून निघत नव्हता.

"हो," टेसा म्हणाली. "दिसायला हवं होतं." तिनं अहवालात तसंच लिहिलं आणि शेजारी फोटो जोडायची जागा सोडली.

तिचा दुरुस्तीचा परवाना काही महिने अडकणार होता. अडकू दे.

फाटकाशी गेथिन उभा होता. शिडी काखेत, केस रिमझिमीत भिजलेले. "फोटो दिला तपासनीसांना," तो म्हणाला. "रागावलीस अजून?"

"घाबरलेय अजून."

"मी पण. दुपारपासून हात थरथरतोय... आणि तो तू धरला होतास म्हणून की विमानामुळे, ते कळत नाहीये." तो थांबला, शिडी उगाच दुसऱ्या काखेत घेतली. "मे महिन्यात नवा मोसम सुरू होईल. तेव्हा भेटशील?"

टेसानं त्याच्या काखेतली शिडी काढून भिंतीला टेकवली आणि त्याचा थरथरता हात दोन्ही हातांत घेतला.

"मेपर्यंत थांबणार आहेस?"