कोनी शे का मझार?

भडगावच्या प्रेमराजभाऊंनी केळी पिकवायच्या गोदामात लिनक्सचा एक संगणक बसवला होता. ड्रोनने काढलेले शेतांचे फोटो जोडून तो नकाशे करायचा आणि एकेका नकाशाला तासन्‌तास लागायचे. उन्हाळ्यात मशीन तापेल म्हणून भाऊंनी ते सरळ एका रिकाम्या पिकवणीच्या खोलीत नेऊन ठेवलं. जागा गार, वीज आयती. असलं डोकं आपल्याकडे फार चालतं. पण काम अर्ध्यावर आलं की मशीन थांबायचं. मग कुणीतरी दार उघडून आत जायचं, कळ दाबायची, की पुन्हा चालू.

दुरुस्तीला जळगावहून हितेंद्र आला तेव्हा दुपार कलली होती. रात्री जेवायला घरीच येतो, असं तो बायकोला, कामिनीला सांगून निघाला होता.

खोलीच्या दाराशी राखणदार भाईदास नाना बसले होते. दाराची आतली मूठ कधीचीच तुटलेली, म्हणून त्यांनी फटीत क्रेट अडकवून दिलं. खोली रिकामी असली तरी बाहेरची कडी घालण्याआधी नाना 'आत कुणी आहे का' अशी हाक मारायचे. हितेंद्रने हसत कारण विचारलं.

"वना हमाल मझार रही गया व्हता," नाना हळूच म्हणाले. "कोनी हाक मारी नही, मझारच मरी गया. तव्हपासून..."

म्हाताऱ्याचा वेळ जात नसेल, असं मनाशी म्हणत हितेंद्र आत शिरला.

आत एकही घड नव्हता, तरी पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास भरून राहिला होता. त्याने मेमरी पाहिली, डिस्क पाहिली, तापमान पाहिलं. सगळं ठणठणीत. मग त्याने मागच्या नोंदी उघडल्या. काम एकदाही आपोआप बंद पडलं नव्हतं. दर वेळी ते कीबोर्डवरून थांबवलेलं होतं. आणि कीबोर्ड हा एकच, या बंद खोलीतला.

त्याने काम पुन्हा सुरू केलं आणि त्या नोंदींकडे बघत राहिला. काम थांबलं की माणूस येतो. माणूस आला की दार उघडतं. म्हणजे ज्याला दार उघडून हवं आहे...

त्याच्या मानेजवळून काहीतरी गार दाराकडे गेलं. क्रेट सरकलं. दार लागलं.

हितेंद्रने दारावर धडका दिल्या. फोमने भरलेल्या जाड दाराने त्या गिळून टाकल्या. फोनला रेंज नव्हती. तो घाबरला, अगदी लहान पोरासारखा घाबरला. मग त्याला सुचलं, वनाची युक्ती आपणही करावी. त्याने काम थांबवायच्या कळा दाबल्या. काम थांबेना. शेवटी त्याने विजेची वायरच उपटली. वायर हातात आली, पण पंखा घरघरत राहिला आणि पडद्यावरचे आकडे शांतपणे वर चढत राहिले.

त्याने दाराला कान लावला. बाहेर चपला वाजल्या. मागून नानांची हाक पुसट ऐकू आली.

"कोनी शे का मझार?"

हितेंद्रच्या जिवात जीव आला. त्याने छाती भरून ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही.

तो आवाज दाराबाहेरून आला, नानांच्या अगदी शेजारून.

"नही, नाना. मी बाहेर शे. मशीन बेस चाली रायनं. आते दार उघडानी गरज नही."

आवाज हितेंद्रचाच होता. बोली मात्र त्याची नव्हती. तो जळगाव शहरात वाढलेला, अहिराणी त्याला बोलताच येत नव्हती.

कडी पडली. चपला दूर जाऊ लागल्या आणि त्यांच्या सोबतीने अनवाणी पावलंही.

"नाना, जळगावनी गाडी कव्हय शे?" तोच आवाज विचारत होता. "कामिनी जेवाले वाट देखी रायनी..."