पहिल्या बर्फावरची पावलं

सकाळचे सात वाजून बारा मिनिटं झाली होती. पेजेचा टोप चुलीवर चढवला आणि फोन बघितला, तेवढ्यात ह्यांचा व्हिडिओ येऊन पडला.

आमचे हे, निलेश, ट्रेकिंगवाल्यांचे आचारी. भातकापणी आटपली की महिनाभर हिमालयात जातात, पुण्या-मुंबईच्या लोकांना उंचावर आमटी-भात रांधून घालतात. मी इकडे कोकणात, वालावलीत, सासूबाई आणि तीन वर्षांची सृष्टी यांच्यासोबत. बर्फ म्हणजे मला मासळीच्या पेटीतला, तेवढाच ठाऊक.

व्हिडिओत पांढरी उतरण होती. बर्फ कसला, दुधावर साय धरते तेवढाच. मधेमधे गवताची टोकं वर आलेली. त्यावरून खालून वर पावलांची एक ओळ गेली होती. मागून ह्यांचा आवाज.

"संचिता, यंदा बर्फ लवकर इलो. रातभर पडलो, आमची कालची पावलां बुजली. पण ही बघ, कोणतरी आदीच वर गेलो हा. वाट तयार आसा. आठाक निघतलंव. तू सांगतंस तसाच, पुढच्याच्या पावलात पाऊल. निघताना फोन करतंय."

ते माझंच सांगणं होतं. आम्ही ओहोटीला खाडीच्या चिखलात खुबे, म्हणजे शिंपले, काढायला उतरतो तेव्हा पुढच्या बाईच्या पावलात पाऊल टाकतो. तिला चिखलाने पेललं तर मलाही पेलणार. लग्नाआधीपासूनची सवय. ह्यांना पहिल्यांदा डोंगरात पाठवताना दुसरं काय सांगणार? सातवी शिकलेली बाई, जे येत होतं ते सांगितलं.

पण आदल्या दिवशीच फोनवर हे म्हणाले होते की तिथला म्हातारा वाटाड्या नको म्हणतोय. त्याचं म्हणणं, पहिला बर्फ कच्चा. ओढ्यावर, दगडांच्या फटींवर नुसता पापुद्रा धरतो, खाली पोकळी राहते. एक माणूस पार होतो आणि दुसऱ्याला घेऊन पापुद्रा बसतो. वाऱ्याने एका कुशीला लोटलेला ढीग तर पाय पडताच पत्र्यासारखा सरकतो. आणखी दोनतीनदा पडू दे, दबू दे, मग जा. म्हातारा असं सांगून रेशन आणायला खाली उतरला. पण सोबतची दोन पुण्याची पोरं, कौस्तुभ आणि निहार, बर्फावर घसरायच्या लांब फळ्या घेऊन आलेली. त्यांना थांबवेना.

मी व्हिडिओ परत लावला. चिखलातली पावलं बघत मोठी झालेली मी, नजर आपोआप तिकडेच जाते. बोटं दिसत होती. अनवाणी माणूस. एवढ्या थंडीत? आणि अंगठा... पहिल्या पावलाला अंगठा उजव्या बाजूला. दुसऱ्याला उजव्या बाजूला. तिसऱ्यालाही.

सगळी पावलं डाव्या पायाची होती.

फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. परत लावला. तेच. ह्यांना नेणाऱ्या ट्रेकिंगवाल्यांच्या ऑफिसात लावला तर तिथला माणूस जांभई देत म्हणाला, "ताई, काही काळजी करू नका. आमचे सगळे ग्रुप अनुभवी असतात."

"ओ दादा, वाटाड्या नाही सोबत! त्यांना थांबवा. ती पावलं माणसाची नाहीत."

"बरं. मी नोंद करून ठेवतो."

नोंद! माझा नवरा पोकळीवर पाय ठेवणार आणि हा वहीत लिहिणार. सासूबाई परसातून म्हणाल्या, "काय गो आराडतंस? पेज उतू जाता मगे."

"जाऊ दे उतू!"

"निलेश लहान आसा काय? चार वर्सां जाता थंय. तुझा आपला कायतरीच."

घरात रेंज येत नाही धड. रेंज आमच्याकडे खाडीच्या बंधाऱ्यावर, तिकडे ह्यांना तळावरच्या एका दगडावर. आमचा संसार असा दोन टोकांना उभा राहून बोलतो. सृष्टीला कडेवर मारली आणि पळत सुटले.

बंधाऱ्यावर धुकं होतं. नोव्हेंबरात असतं, पण असं नाही. पलीकडचे माड गेलेले, पाणी गेलेलं, सगळं एकच पांढरं. एक बगळा नाही, होडीचा आवाज नाही. ओहोटीच्या चिखलाला रोजचा वास असतो, तोही नव्हता. घड्याळ सात एकेचाळीस. मी लावतेय, तीच बाई तेच सांगतेय. लावतेय, तेच. रडू येत नव्हतं, फोन खाडीत भिरकवावा असं वाटत होतं.

सृष्टी कडेवरून उतरली कधी, कळलं नाही.

"आई, थंड."

बघते तर ती बंधाऱ्याखाली चिखलाच्या काठावर उभी. चिखलात पावलांची एक ओळ होती, सरळ आत, धुक्यात गेलेली. पोरीने पहिल्या पावलात आपलं पाऊल ठेवलं होतं. मी तिला दंडाला धरून वर ओढली. तिचा तळवा मासळीच्या पेटीतल्या बांगड्यासारखा गार पडला होता. त्या ओळीकडे मी दुसऱ्यांदा बघितलं नाही. अंगठे कुठल्या बाजूला होते, ते एकदाच दिसलं, तेवढं पुरे.

सात बावन्नला फोन वाजला.

"संचिता, निघतंव हां..." वारा नुसता घोंघावत होता.

"निघू नकात! अहो, ऐकतास? त्या पावलात पाय टाकू नकात. ती सगळी डाव्या पायाची आसत!"

"काय बडबडतंस..."

"बघा तुमी. माझी शपथ. बघा!"

नुसता वारा. मग ह्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"...होय गो. मेल्या डोळ्यांका दिसूक कसा नाय..."

"काठी मारून बघा बाजूक."

"काठी आत गेली... अख्खी गेली. खाली पाणी वाजता." आणि मग जोराने, फोनपासून लांब, "कौस्तुभ! अरे थांब! परत ये! त्या पावलांवरून नको!"

"तो पुढे कित्याक गेलो?"

"मीच सांगलंय गो तेका... पुढच्याच्या पावलात..."

मग आवाज आला. मोठा नाही. भाताने भरलेली कणगी आतल्या आत बसावी तसा. आणि फोन बंद.

त्यानंतरचे सहा तास मी कसे काढले ते विचारू नका. ऑफिसातला माणूस आता फोनच उचलेना. सासूबाई देवाला गाऱ्हाणं घालून बसल्या. दुपारी दोनला ह्यांचा फोन आला. हे आणि निहार त्या पावलांवर अजून गेले नव्हते, म्हणून वाचले. कौस्तुभला बर्फाखालच्या पोकळीतून दोरीने ओढून काढला, तासाभराने. पाय मोडलेला, पण जिवंत. वर काढताना ह्यांनी मागे बघितलं तर उतरणीवर बर्फ कोरा होता, ह्यांच्या बुटांचे ठसे सोडून काही नाही.

हे घरी आले. मी माझ्याच शब्दांना शिव्या घातल्या. माझी चिखलातली अक्कल मी बर्फावर पाठवली आणि एका परक्या आईचं पोर त्यात गेलं असतं.

पंधरा दिवसांनी कौस्तुभचा फोन आला, आभार मानायला. पोर चांगलं. पुण्यात जन्मलेलं, मालवणीचा गंध नाही. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग अडखळला.

"ताई, एक विचारू? 'मागसून किती जणां येतत' म्हणजे काय हो?"

ही तर आमची बोली. "मागून किती माणसं येतायत, असं. कुठे ऐकलंत?"

"खाली. तिथे अंधार होता, पण थंडी नव्हती. माणसं बसली होती, बरीच. तेच तेच विचारत होती. तिथे मला कळत होतं. वर आल्यावर कळेनासं झालं."

"...तुम्ही काय सांगितलंत?"

"मी घाबरलो होतो ताई. नावं सांगितली. निहारचं. निलेशदादांचं." मग हळूच म्हणाला, "आणि सृष्टीचं. दादा स्वयंपाक करताना सारखं तिचंच बोलायचे ना, तेच तोंडात आलं. 'ती कधी येतली?' असं ते विचारायला लागले, तेवढ्यात दोरी आली."

हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. तुमच्या ओळखीचं कोणी ह्या दिवसांत तिकडे चालायला, घसरायला जात असेल तर त्याला आजच सांगा. पहिला बर्फ दबू दे. वाटाड्या नको म्हणाला तर ऐका. काठी खुपसल्याशिवाय पाय टाकू नका, आणि कोऱ्या बर्फावर आयती पावलं दिसली तर ती वाट सोडा. आणि घरच्या लेकरांची नावं तिथे मोठ्याने घेऊ नका. एवढं पुढे कळवा, बाबांनो. एकाने दुसऱ्याला कळवा.