पट्टीवर पुढे कोण होतं?

आधीच सांगतो, मला गोष्टी रचता येत नाहीत. मी वायरलेस दुरुस्त करणारा माणूस. कामाच्या वहीत चार ओळी लिहायच्या तरी मला घाम फुटतो. तेव्हा पुढे जे आहे ते जसं घडलं तसंच आहे. यातली तिन्ही माणसं अजून जिवंत आहेत.

त्यातला एक मी.

रात्र वगैरे नव्हती. नोव्हेंबरमधला मंगळवार. दुपारचे सव्वातीन.

आमच्या हवामान खात्याची एक चौकी डोंगराच्या माथ्यावर आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, एक खांब. तिथे एक वयस्कर निरीक्षक राहतात, महिना महिना एकटे. आम्ही त्यांना काका म्हणतो. दर तीन तासांनी वारा, तापमान आणि हवेचा दाब खाली कळवायचा, एवढंच काम.

सोमवारी सकाळी वायरलेसवर काकांचा आवाज आला, "छातीत जड वाटतंय. बॅटरीपण आता..."

आणि बंद.

बचाव पथक बुधवारी येणार होतं. तोवर कोणीतरी गोळ्या आणि बॅटरी घेऊन वर पोचायला हवं होतं. मंगळवारी सकाळी मी आणि दाजी निघालो.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. खात्यातच लाइनमन. खांबावर चढता चढता वीस वर्षं झाली, पण तोंडाला कुलूप कधी लागलं नाही. चढताना धाप लागली तरी बडबड चालूच.

"मेव्हण्या, तुझी ताई म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा बोलता. म्हटलं, जागेपणी तू बोलू देतेस कुठे!"

मी हसलो. त्या दिवशीचं माझं तेवढंच हसणं.

चौकीच्या अलीकडे एक धार आहे. आम्ही तिला पट्टी म्हणतो. लांबी दीडशे फूट असेल. रुंदी एक फूट, काही ठिकाणी तेवढीही नाही. डावीकडे दरी, उजवीकडे दरी. मधोमध एक खाच आहे. तिथे गुडघाभर खाली उतरून पुन्हा वर चढावं लागतं. पूर्वी बाजूने लोखंडी तार होती. पावसाळ्यात दरड कोसळली आणि तार खुंट्यांसकट गेली. तेव्हापासून दोर बांधल्याशिवाय पट्टीवर पाय ठेवायचा नाही, असा नियम.

दाजींनी पिशवीतून दोर काढला. गाठ मारायला ओढला...

तो तुटला.

पुन्हा ओढला. पुन्हा तुटला. जुन्या सुतळीसारखा. वास घेतला तेव्हा कळलं. कोठीत हा दोर गळक्या बॅटरीखाली पडला होता. ॲसिड आतपर्यंत झिरपलेलं.

दाजी हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले.

"घाईत मीच उचलला रे हा," ते म्हणाले. "बघितलासुद्धा नाही."

परत जाऊन दुसरा आणायचा तर अंधार झाला असता. समोर धारेच्या टोकाला चौकीचं छप्पर दिसत होतं. धुराडं थंड. खिडकीत हालचाल नाही.

"बसून जाऊ," दाजी म्हणाले. "घोड्यावर बसल्यासारखं. दोन्हीकडे पाय सोडायचे आणि सरकायचं. मी पुढे. मी 'आहेस?' विचारीन, तू 'आहे' म्हणायचं. उत्तर आलं नाही तर मी थांबीन."

आम्ही सरकायला लागलो.

दहा-पंधरा फूट गेलो असू... खालून धुकं आलं.

आधी पाय दिसेनासे झाले. मग दाजींची पाठ. मग काहीच नाही. समोर फक्त हातभर दगड.

"आहेस?"

"आहे."

दगड बर्फासारखा गार होता. बोटांना काही कळत नव्हतं. मला वाटलं होतं, खूप भीती वाटेल. वाटली नाही. काहीच वाटत नव्हतं. हात टेकायचे, अंग उचलायचं, पुढे टाकायचं. पोतं सरकवल्यासारखं.

"आहेस?"

"आहे."

मग वारा थांबला.

आणि मला जाणवलं... दाजी बडबडत नाहीयेत.

फक्त तेवढंच विचारत होते. दर थोड्या वेळाने. एकाच आवाजात. बुटांचं घासणं नाही, खोकणं नाही. पाठीवरच्या पिशवीत डब्यातल्या गोळ्या खुळखुळायच्या, तेही नाही.

"आहेस?"

"आहे. दाजी, खाच आली का?"

उत्तर नाही.

खाच आली की ते ओरडून सांगायचे. दर वेळी. तार होती तेव्हासुद्धा. या वेळी हात पुढे टाकला आणि हाताखाली दगडच नव्हता. मीच खाचेशी पोचलो होतो.

वाकून पाहिलं. खाचेतल्या दगडावर पातळ पांढरं दहिवर गोठलेलं होतं. अख्खं. गुळगुळीत.

त्यावर बुटाची एकही खूण नव्हती.

दाजी माझ्या पुढे होते. इथूनच गेले असणार. दुसरीकडून जायला जागाच नाही. मी ते बघितलं, समजलं, आणि तरी आत काही हललं नाही. परक्या माणसाबद्दल काहीतरी वाचल्यासारखं.

समोरून, अगदी जवळून आवाज आला...

"आहेस?"

मी "आहे" म्हणालो. खाचेत उतरलो. माझ्या बुटांखाली दहिवर करकरलं. पलीकडे चढलो.

पुढचं फारसं आठवत नाही. पायाखाली सपाट जमीन आली तेव्हा उभा राहिलो.

"दाजी?"

कोणी नव्हतं.

चौकीचं दार लोटलं. काका खाटेवर पडले होते. चेहरा राखेसारखा, पण शुद्धीवर.

"एकटाच आलास?" ते म्हणाले.

"दाजी आले ना पुढे?"

"नाही बाबा. मघापासून ऐकतोय, तुझा एकट्याचाच आवाज येत होता. 'आहे... आहे...' करत येत होतास." त्यांनी श्वास घेतला. "म्हटलं, याला विचारतंय कोण?"

गोळ्या दाजींच्या पिशवीत होत्या. बॅटरी माझ्याकडे. मी आधी बॅटरी जोडली. पाना दोनदा हातातून पडला. पडल्यावरच कळायचं, की पडला. खालच्यांना काकांची अवस्था सांगितली. दाजींचं काय सांगायचं ते सुचेना. एक माणूस पट्टीवर आहे, एवढंच म्हणालो.

परत धारेपाशी आलो तेव्हा धुकं उतरत होतं.

दाजी पट्टीवर बसले होते.

खाचेच्या पलीकडे. जिथून आम्ही सुरुवात केली तिथून जेमतेम तीस फुटांवर. दोन्हीकडे पाय सोडून, तोंड माझ्याकडे. मान किंचित मागे वळलेली, खांद्यावरून कोणाशी बोलावं तशी. ओठ हलत होते.

एक फूट रुंदीची धार. मी त्यांच्या मागे होतो. आणि चौकीच्या बाजूला मी आधी पोचलो होतो.

"दाजी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खूप हळू मान खाली घातली.

मी पुन्हा पट्टीवर बसलो. का, ते विचारू नका. ताईला काय सांगणार होतो? खाच ओलांडली, त्यांच्यासमोर पोचलो, हात धरला. त्यांचा हात गरम होता. माझा त्यांना इतका गार लागला, की ते दचकले.

"चला दाजी. काका वाट बघतायत. गोळ्या तुमच्याकडे आहेत."

"तू पुढे कसा?" ते कुजबुजले. "तू मागे आहेस ना."

मी त्यांच्या खांद्यामागे पाहिलं. धुक्याचा एक पट्टा होता. बाकी काही नाही. मला तरी दिसलं नाही.

वळायला जागा नव्हती. मी तोंड त्यांच्याकडेच ठेवून मागे सरकत राहिलो, एका हाताने त्यांचा हात धरून. ते माझ्याकडे बघत पुढे येत होते. खाचेशी ते थांबले.

"आहेस?"

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली.

"तुला नाही विचारलं."

काही क्षण गेले. मला काही ऐकू आलं नाही. दाजींनी मात्र ऐकल्यासारखी मान डोलावली... आणि पुढे सरकले.

बुधवारी पथक आलं. दोर, खुंट्या, स्ट्रेचर, सगळं घेऊन. काकांना खाली नेलं. ते वाचले. आता मुलीकडे असतात. पथकातल्या एकाने मला विचारलं, "तुम्ही दोघंच होतात ना?" मी हो म्हणालो. त्याने का विचारलं, ते मी विचारलं नाही.

दाजींनी वरचं काम सोडलं. आता खालच्या कोठीत सामान देतात. बडबड बरीच कमी झाली. ताई म्हणते, वय झालं. आम्ही दोघांनी तिला काही सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात ती बाहेर गेली असताना दाजींनी दोन कप चहा केला. माझ्यासमोर बसले आणि स्वतःहून बोलले.

"त्या दिवशी सुरुवातीलाच माझ्या पायात गोळा आला. हलता येईना. मी तुला म्हटलं, थांब जरा. तू थांबलास. मग आपण बोलत बसलो."

"काय बोललो?"

"तूच बोलत होतास. आईंबद्दल."

मी कप उचलला.

"आई गेल्या त्या सकाळी त्यांनी तुला हाक मारली होती म्हणालास. दोनदा. तू जागा होतास, पण कंटाळा केलास. पांघरूण डोक्यावर ओढून घेतलंस. उठलास तेव्हा सगळं झालं होतं." त्यांनी कप खाली ठेवला. "खूप रडत होतास रे."

हे खरं आहे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. ताईचं लग्न होऊन ती सासरी होती. घरात आई आणि मी. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ताईला नाही, बायकोला नाही. दाजींना तर नाहीच.

दाजींनी विचारलं, "खरंच असं झालं होतं?"

मी हो म्हणालो.

हो म्हणताना एक गोष्ट लक्षात आली. आईची ती हाक आठवली की माझ्या पोटात खड्डा पडायचा. बावीस वर्षं पडत होता. जेवताना, काम करताना, कुठेही.

मी मुद्दाम आठवून पाहिली. आईचा आवाज, दोन्ही हाका, पांघरुणाचा वास.

काहीच झालं नाही.

पट्टीवरून आल्यापासून एकदाही झालेलं नाही.

दाजी खिडकीबाहेर बघत होते.

"माझ्यामागचा तो, थंडी वाजतेय म्हणत होता," ते म्हणाले. "मला घेऊन चला म्हणत होता."

मी चहा संपवला. गरम होता की गार, ते सांगता येणार नाही.