नजर बाळाकडे

श्रावण सरत आला की कळंबच्या अमरला माणसं दिसेनाशी होतात. दिसतात ते फक्त गणपती. कोणाचे कान राहिलेले, कोणाचा मुकुट कोरा, आणि चतुर्थीच्या आत घरी जायची घाई मात्र सगळ्यांना! म्हणूनच त्या रिमझिमत्या दुपारी शेडच्या दारात स्कूटी थांबली आणि शालीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून एक मुलगी उतरली, तेव्हा त्याने हातातला ब्रशसुद्धा थांबवला नाही.

“बाळाले आत नका आणू, ताई. रंगाचा वास हाये, ठसका लागन त्याले.”

“बाळ ठीक आहे,” ती म्हणाली. “आईचंच तोंड गेलंय.”

आता अमरने मान वर केली. पावसाचे बारीक थेंब तिच्या पापण्यांवर अडकले होते आणि ती त्यांना पुसायलाही विसरली होती. आपण पहिल्याच वाक्यात हिला ताई म्हणून बसलो, याचं वाईट त्याला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

तिने शाल सोडली. दोन फुटांची प्लास्टरची मूर्ती. निळा पदर, कडेवर गोंडस बाळ, आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोळा. डोळे नाहीत, भुवया नाहीत, ओठ नाहीत.

“मरियामाता आहे, आमच्या चर्चमधली,” ती म्हणाली. “सणाआधी स्वच्छ करायचं काम मी अंगावर घेतलं... आणि कपडे धुवायच्या पावडरने घासली.”

“कपड्याच्या पावडरनं?”

“हसू नका ना!”

“नाई हसून राह्यलो,” अमर म्हणाला. तो हसतच होता.

तिचं नाव प्रियंका. कळंबच्या एका दवाखान्यात नर्स होती. वडील वणीच्या कोळसा खाणीत. आठ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिवस, म्हणजे चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी. तोवर चेहरा आला नाही तर तीस वर्षांची मूर्ती कोऱ्या तोंडाने लोकांसमोर उभी राहणार होती. फादर काही बोलले नव्हते, पण त्यांचं न बोलणंच तिला जास्त लागलं होतं. शिवाय पंधरा तारखेपासून तिची वणीला बदली होती. “जाताना मागे हे असं ठेवून जायचं नाही मला,” ती म्हणाली आणि पापण्यांवरचं पाणी तिने आत्ता कुठे पुसलं. त्यातलं पावसाचं किती, हे अमरने विचारलं नाही.

चार कारागिरांनी तिला आधीच परत पाठवलं होतं. अमरलाही श्वास घ्यायला वेळ नव्हता. तो म्हणाला, “ठेवून जा.”

मग ती रोज येऊ लागली. ड्युटी संपली की स्कूटी शेडसमोर हजर. म्हणायची, काम कुठवर आलं ते बघायला आले. काम दिवसाला बोटभर पुढे सरकायचं आणि ती तासभर बघत बसायची. दमट हवेत रंग वाळत नाही, हे अमरचं कारण. खरं तर त्या वर्षी रंग बरा वाळत होता.

“एक विचारू?” एकदा त्याने मरियामातेच्या गालावर गुलाबी रंगाचा हात फिरवता फिरवता म्हटलं. “तुम्ही हिची पूजा करता न रोज?”

“पूजा नाही करत. पूजा फक्त देवाची.”

“मंग मेणबत्त्या कायले लावता? अन् गुडघे टेकता ते?”

प्रियंकाने शेडच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे अमरच्या वडिलांचा, रामरावांचा फोटो होता. मूर्तिकामातला दांडगा माणूस, दोन वर्षांपूर्वी गेलेला. फोटोला ताजा हार होता. “हा हार रोज कोण घालतं?”

“मीच.”

“मग तुम्ही बाबांना देव मानता?”

“नाई जी! बाप हाये तो माहा.”

“बोलता त्यांच्याशी?”

अमर गोरामोरा झाला. “रंग जमला नाई तर... इचारतो कधीमधी.”

“झालं तर. आणि परीक्षेला जाताना आईच्या पाया पडायचात ना? म्हणून आई देव झाली का?”

अमरने ब्रश पाण्यात बुचकळला, पुन्हा बुचकळला. मग म्हणाला, “पन तिच्यापाशी मागता तर खरं.”

“शब्द टाकायला सांगतो. शाळेच्या सहलीला जायचं असलं की तुम्ही थेट बाबांकडे जायचात?”

“छ्या! आईले पुढे करत होतो.”

“तसंच. एका लग्नात पाहुण्यांचा द्राक्षारस संपला, तेव्हा हिनेच मुलाच्या कानात सांगितलं, यांच्याकडचा संपला रे. एवढंच. पाण्याचा द्राक्षारस करायचं पुढचं सगळं त्याने केलं.”

“थेट बोलता येत नाई काय देवाशी?”

“येतं ना. रोज बोलते. पण आईला मध्ये घेतलं तर बिघडतं कुठे?” असं म्हणून ती हसली, आणि लगेच खाली बघू लागली. ही तिची खोडच होती. बोलायला कोणाला ऐकायची नाही, पण समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघायची नाही. बहुतेक अमरच्याच डोळ्यांत. दवाखान्यात म्हणे ती सगळ्यांकडे धीटपणे बघायची.

अमरची आई मैनाबाई कोपऱ्यात शाडू मळत हे सगळं ऐकत असे. एका संध्याकाळी ती उठली, हात धुतले आणि हिरवा खण, नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन आली. अमरला कळायच्या आत तिने मरियामातेच्या पायाशी ओटी भरली, वर हळदीकुंकवाचं बोट लावायला हातही उचलला.

“आई! ते देवी नाई!”

“देवी नाई त कोन हाये?”

प्रियंका घाईने म्हणाली, “देवाची आई आहे, मावशी.”

“घे! देवाच्या मायची ओटी नाई भरायची त मंग कोनाची भराची?” मैनाबाई म्हणाली. “लेकुरवाळी बाई दारी आली. तशीच धाडू काय?”

अमरला वाटलं, आता ही पोरगी रागावणार. पण प्रियंकाने खण उचलून कपाळाला लावला. वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. “आमच्या घरी आई गेल्यापासून असं कोणी काही आणलं नव्हतं,” ती म्हणाली. “हे मी आठ तारखेला तिच्या पायाशी ठेवीन.”

त्या रात्री जेवताना मैनाबाईने मुलाच्या मनातल्या प्रश्नाला न विचारताच उत्तर दिलं. “पोट्टी गुनाची हाये, अमर. पन तिची देवी येगळी, आपला देव येगळा. एका घरात दोन दोन देव बसोले त रुसतेत. मले नाई झेपनार.” अमरने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. प्रियंकाच्या जाण्याला दहा दिवस उरले होते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेड रिकामी होत गेली. रामरावांचा एक नियम होता. डोळे सगळ्यात शेवटी आखायचे आणि तेही मूर्ती नेणाऱ्या माणसाला समोर बसवून. पहिली नजर घरच्या माणसावर पडली पाहिजे. अमरला एकदाच, दहावीच्या वर्षी, बापाची शाबासकी मिळाली होती. “नजर समोर बसली रे, पोरा!” रामरावांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कोणी ऐकलं नव्हतं.

शेवटचा गणपती गेला आणि त्याने प्रियंकाला मूर्तीसमोर पाटावर बसवलं. श्वास रोखून एक डोळा आखला, मग दुसरा. आयुष्यात इतके सुंदर डोळे त्याने काढले नव्हते. पाणीदार, थेट, समोर बसलेल्यावर माया करणारे. त्याने ब्रश खाली ठेवला आणि प्रियंकाकडे पाहिलं.

तिने मूर्तीच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग कडेवरच्या बाळाकडे.

“काऊन? नाई आवडलं?”

“खूप सुंदर आहेत,” ती हळूच म्हणाली. “फक्त... ती माझ्याकडे बघतेय.”

“मंग! तुमच्याकडेच पाहाले पाहिजे. देवीनं भक्ताकडे पाहिलं नाई त भक्त जाईन कुठं?”

“पण ती देवी नाही ना, अमर.” त्याचं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि तेही अशा वेळी! “आमच्या मूर्तीत ती बाळाकडे बघायची. माझ्याकडे बघा, असं ती म्हणतच नाही. ती म्हणते, याच्याकडे बघा. तिची नजर धरून आम्ही त्याच्यापर्यंत पोचतो.”

आठ दिवस ऐकलं, मान डोलावली, सगळं कळलं म्हणाला, आणि हाताने शेवटी देवीच काढली! अमरला स्वतःचीच लाज वाटली. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. पण खालचा रंग रात्रभर सुकायला हवा होता आणि उद्या चतुर्थी. चतुर्थीला या घरात ब्रश उचलत नाहीत, हाही रामरावांचाच नियम. धुऊन गणपतीपुढे ताटात ठेवतात, दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावरच हातात घेतात. तोवर चर्चमध्ये सणाची प्रार्थना, मिस्सा, सुरू झालेली असणार.

“राहू द्या,” प्रियंका म्हणाली. “कोऱ्या तोंडाला तुम्ही चेहरा दिला. तुमचे उपकार कमी नाहीत. उद्या संध्याकाळी न्यायला येते.” ती मनापासून म्हणाली, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी घरात गणपती बसला. आरती झाली, पंगत बसली, आणि अमरच्या ताटातला मोदक तसाच राहिला. हा मुलगा मोदक सोडतो म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं मैनाबाईला कळत होतं. तिने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. मग संध्याकाळ होता होता ती शेडमध्ये गेली आणि मूर्तीसमोर कितीतरी वेळ उभी राहिली.

“हे त माह्याकडे पाहून राह्यली,” ती अखेर म्हणाली. “लेकरू कडेवर, अन् ध्यान परक्याकडे? माय अशी असते काय?”

“तेच म्हनत होती प्रियंका. मले नोका पाहू, लेकराले पाहा, असं म्हनते म्हने हे.”

“म्हंजे मान सारा लेकराले देते? सोतासाठी पाटबी मागत नाई?”

“नाई मागत.”

मैनाबाई विचारात पडली. “मंग हे रुसन कायले? अशी माय कोनाच्याबी घरात राहू शकते.”

ती घरात गेली, गणपतीपुढे वाकली आणि ताटातला सगळ्यात बारीक ब्रश उचलला. अमर ओरडलाच, “आई! बाबाचा नियम!”

“तुह्या बाबाले मी समजावतो. अन् या गणपतीलेबी माय हाये. तिनं सोताच्या हातानं मातीचा केला त्याले. तो नाई रागावनार.” तिने ब्रश त्याच्या हातात दिला. “जाय. आईची नजर लेकरावर लाव.”

त्याच वेळी दारात स्कूटी थांबली. प्रियंकाला कोणी काही सांगितलं नाही, मैनाबाईने तिला फक्त पाटावर बसवलं. अमरने जुनी बुबुळं पुसली आणि तिच्यावरची ती नजर हळूहळू उचलून बाळावर ठेवली. पापण्या झुकल्या, ओठांवर न काढलेलं हसू आलं. प्रियंकाने तोंडावर ओढणी धरली आणि लहान मुलासारखी रडली. मैनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आठ तारखेला चर्चच्या पत्र्यावर रिमझिम वाजत होती. मरियामातेच्या पायाशी हिरवा खण आणि नारळ होता. फादरनी त्याकडे पाहिलं, मैनाबाईकडे पाहिलं आणि हात जोडले. मिस्सा संपली. मैनाबाई तिथल्या बायकांना शाडू कसा मळतात ते सांगत बसली, आणि अमरने मेणबत्ती लावून डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. मनात आभारांची रांगच लागली होती: गणपतीचे, या माउलीचे, ब्रश उचलणाऱ्या आईचे आणि कपडे धुवायच्या त्या पावडरचेसुद्धा.

“काय मागितलंत?” शेजारून प्रियंकाने विचारलं.

“मागतलं नाई. शब्द टाकाले सांगतलं.”

“कोणाकडे?”

“हाये... एक पोरगी. वणीले चालली.”

ज्योत हलली, प्रियंकाने हाताचा आडोसा धरला. मग खाली बघतच म्हणाली, “थेट बोलता येत नाही का तिच्याशी?”

अमरला स्वतःचाच प्रश्न परत मिळाला होता. “येते न. प्रियंका... माह्याशी लगन करशील? तुह्या घरच्यांना इचारू, आईनं त कालच पाट मांडून ठेवला. तू तुह्या देवाले मान, मी माह्या. पन तू नसली त ते शेड मले... नाई जमनार.”

“तुमच्या आईने खरंच होकार दिला?”

“तिनंच धाडलं मले. म्हने, माहा शब्द टाकून झाला, आता तू तोंड उघड.”

प्रियंका हसली. आणि मग तिने मान वर केली. पहिल्यांदाच ती कुठे दुसरीकडे वळली नाही, झुकली नाही. ओल्या पापण्यांखालून ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिली.

“हो,” ती म्हणाली.

रामराव असते, तर त्यांनी एवढंच म्हटलं असतं... नजर समोर बसली रे, पोरा!