वडाला गुंडाळलेलं सूत

सकाळी साडेसहाला फोन वाजला.

"दुर्गाताई, वड पानं टाकतोय हो!" मीनावहिनी घाईघाईनं सांगत होत्या. "अजून कोजागिरीही झाली नाही. या दिवसांत वड असा उघडा पडतो का?"

मीनावहिनी पाच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. खिडकीसमोरचा तो वड, एवढंच त्यांचं जग. दुर्गाताई पोतनीस शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, उज्जैनमधल्या माधव नगरच्या उद्यान मंडळाच्या चिटणीस. चहा तसाच टाकून त्या निघाल्या.

मंडळानं क्षिप्रेकाठी रोपं लावली, शाळांतून परसबागा केल्या. पण जीव ओतला तो या वडावर. रस्ता रुंद व्हायचा होता. एका अंगाला वड, समोर घरांची रांग. दोन वर्षं खेटे घालून मंडळानं महापालिकेकडून लेखी मिळवलं, की झाड जिवंत असेल तर रस्ता घरांच्या बाजूला सरकेल. सोमवारी तपासणी होती.

झाडाखाली पानांचा खच. मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरदादा, म्हणजे मीनावहिनींचे यजमान, पारावर डोकं धरून बसलेले.

"रस्त्याच्या ठेकेदाराचं काम, ताई. दुसरं कोण करणार?"

दुर्गाताईंना कीर्तनाचं वेड. पूर्वरंगातच उत्तररंग ओळखायची घाई करू नये, हे त्यांना बुवांनी शिकवलेलं. त्या झाडाकडे वळल्या.

पानांवर कीड नव्हती. मातीला औषधाचा वास नव्हता. पण कमरेच्या उंचीवर, व्रताच्या सुताच्या जाड पट्ट्याच्या वरच्या कडेला, साल फुगून आली होती, घट्ट अंगठीवर बोट सुजावं तशी.

व्रताचं सूत कोणी काढत नाही. दुर्गाताईंनी हात जोडले आणि कात्री लावली.

आत वीतभर रुंदीची साल सोललेली होती, खोडाला पूर्ण वेढा घालून. पानांतून मुळांकडे अन्न जायची वाटच तोडलेली.

"अरे देवा," प्रभाकरदादा पुटपुटले.

उज्जैनात वडाला दोनदा सूत लागतं. हिंदी घरांतल्या बायका जेठच्या अमावसेला लाल-पिवळा धागा, लच्छा, बांधतात, आपल्या बायका पंधरा दिवसांनी पौर्णिमेला पांढरं सूत. जखमेच्या वर-खाली लच्छा होता. जखमेवर मात्र लच्छ्याचा एक धागा नाही. तिथं अगदी आत होतं पांढरं सूत, अखंड, साठ-सत्तर फेऱ्यांचं, मधे मधे बारीक गाठी असलेलं. त्यातला तुकडा ताईंनी पदराला बांधला.

ठेकेदाराचा मुकादम सुमीत टावर चौकात चहा पीत होता.

"जेठच्या अमावसेपासून पौर्णिमेपर्यंत कुठे होतास?"

"गाँव में, मैडम. बहन की शादी थी. पूरे पंद्रह दिन. हाजिरी देख लो."

"झाडाला हात लावला नाहीस?"

"हमें काटना होता तो मशीन लाते," सुमीत हसला. "सूत लपेटने कौन बैठता?"

हजेरीत पंधरा दिवस रिकामे होते.

संध्याकाळी दुर्गाताई मीनावहिनींकडे गेल्या. वहिनी पडल्या पडल्या कापूस वळत होत्या.

"कीर्तनाच्या वाती तयार आहेत. हात थरथरतो, गाठी पडतात. चालतील ना?"

दुर्गाताईंनी वात बोटांत फिरवून पाहिली. मग पदरातल्या तुकड्यावरही बोट फिरवलं. त्या उठून बाहेरच्या खोलीत आल्या.

"दादा, दर वटपौर्णिमेला वहिनींच्या हातचं सूत तुम्हीच गुंडाळता. बायका चिडवतात, 'दादा, पुढल्या जन्मी तुम्हीच बायको व्हा!' मीही हसले आहे. यंदा मात्र गर्दी नको म्हणून आदल्या दुपारीच उरकलंत."

"मग?"

"सोलायच्या जागेचा लच्छा कापावा लागला, म्हणजे काम अमावसेनंतरचं. आमचं सूत वर आलं, म्हणजे पौर्णिमेच्या आधीचं. आम्ही सात फेरे घालतो. आतलं सूत सत्तर फेऱ्यांचं, आणि गाठी या वातींसारख्या." त्यांनी पदर सोडून तुकडा पुढे धरला. "जेठच्या उन्हात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. असतं तरी उद्यान मंडळाच्या अध्यक्षाच्या हातातला कोयता बघून कोण विचारणार? वरून देवाचं सूत. मीसुद्धा त्याच जखमेवर फेरे घातले, दादा."

प्रभाकरदादांनी तो तुकडा हातात घेतला.

"वैशाखात नकाशा हाती आला. रस्ता सरकला असता तर पहिली हिचीच खोली जात होती. डॉक्टर म्हणाले, हिला हलवू नका. कुठे नेणार होतो मी?"

"मंडळाला सांगायचं."

"कोणत्या तोंडानं? माझ्याच सहीनं अर्ज गेला होता." त्यांनी मान वर केली. "जगेल का तो?"

"नाही. विजेच्या तारांसाठी पारंब्या छाटल्या नसत्या, जमिनीत उतरल्या असत्या, तर कदाचित. आता नाही."

"सोमवारी सांगणार?"

"सांगणार. त्यानं काही वाचणार नाही. मेलेल्या झाडावरून रस्ता जाईल. वहिनींची खोली राहील."

आतून हाक आली, "दुर्गाताई."

दार उघडंच होतं. मीनावहिनींनी कापसाची टोपली पुढे केली.

"ही घेऊन जा. माझ्या हातचं सूत आता कोणाला नको."

प्रभाकरदादा उंबऱ्यावर थांबले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आणि जाता जाता माझी खाट फिरवून द्या, ताई. तोंड भिंतीकडे करा."