साहेबांचा दगड

दुकानातला एसी बंद पडला आणि चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या आजी अक्षरं वाचायची सोडून हातातल्या कागदाने वारा घेत बसल्या. तेव्हा कुठे मालकांनी एसीवाल्याला बोलावलं.

तो आला, शिडीवर चढला आणि कमरेचं पिस्तुलासारखं काहीतरी काढून त्याने एसीवर रोखलं. लाल ठिपका जाळीवर थरथरला.

"याने कशाचंही तापमान कळतं?" खालून आवाज आला. नंबर काढणारी विचारत होती. दिवसभर लोकांना 'आता स्पष्ट दिसतंय का?' विचारायचं, हे तिचं काम.

"कशाचंही. पण वरवरचं हं... आतलं नाही सांगत."

"सरड्याच्या दगडाचं?"

शिडी जरा डुगडुगली. तो दोन पायऱ्या उतरून तिच्याकडे बघू लागला. कानाला काळं लागलेलं होतं आणि डोळे हसत होते. ती उगाचच भिंगांचा डबा लावायला लागली.

त्याचं असं होतं. तिचा धाकटा भाऊ महिनाभर ट्रेनिंगला गेला होता आणि जाताना आपला पाळलेला दाढीवाला सरडा काचेच्या पेटीसकट ताईच्या गळ्यात मारून गेला होता. हातभर लांब, चेहऱ्यावर निवृत्त हेडमास्तरांची नाराजी, म्हणून घरात सगळे त्याला साहेब म्हणत. भावाने दहादा बजावलं होतं, "ताई, शेकायचा दगड चाळीसच्या आसपास हवा. तो अंग शेकल्याशिवाय जेवत नाही. माझ्या साहेबांना काही झालं तर बघ!" तिने पेटीच्या काचेला थर्मामीटर चिकटवला. तो तिशीच्या पुढे जाईना. मग तिने दगड तापवणारा दिवा खाली घेतला. साहेब लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसले. बिचारे गारठले, असं वाटून तिने दिवा आणखी खाली घेतला. आता साहेब अन्नाला शिवत नव्हते आणि तिची झोप उडाली होती.

"संध्याकाळी येतो," तो म्हणाला. तिने पत्ता सांगितला आणि मग दिवसभर विचार करत राहिली, की आपण हे नेमकं काय केलं?

तो आला. टेबलावरच्या काचेच्या पेटीत त्याने लाल ठिपका दगडावर टेकवला आणि शीळ घातली. "चोपन्न! अहो, हा दगड नाही, तवा आहे."

"पण काचेवर तर तीसच..."

"साहेब काचेवर बसतात का?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब गारठलेले नव्हते, भाजून निघत होते... आणि सावलीत पळालेल्या जिवाला ती आणखी चटके द्यायला निघाली होती! तिचे डोळे भरून आले.

"अहो... अहो, रडू नका. जिवंत आहेत साहेब. माझ्याकडे रागानेही बघतायत."

त्याने दिवा वर घेतला, वायरला रेग्युलेटर बसवला. मग खिशातून एक पांढरी डबी काढली, तिची बारीक वायर दगडाला चिकटवली. औषधांच्या गोदामांत मी हीच बसवतो, असं काहीतरी तो सांगत होता. बॅटरी, वायफाय... पण तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे होतं. दगडाला लावतानाही किती हळुवार! त्याने वायफायचा पासवर्ड विचारला, तिने तो देऊनही टाकला. कशाला, हे विचारायचं राहिलंच.

मग दोघं दगड निवायची वाट बघत खुर्च्यांवर बसले. पन्नास... पंचेचाळीस... चाळीस. साहेब कोपऱ्यातून निघाले, थांबले, दगडावर चढले, पोट टेकवून पसरले आणि त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने समोर धरलेली अळी त्यांनी लपकन गिळली. दोघांनी एकदमच श्वास सोडला आणि एकदमच एकमेकांकडे बघितलं.

आता त्याचं काम संपलं होतं. डबीवर आकडा दिसत होता, रेग्युलेटर हाताशी होता. पुन्हा यायचं कारणच उरलं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला खुपायला लागलं. शेवटी तिने फोन उचलला.

"अहो... सत्तेचाळीस झालंय." डबीवर चाळीस होतं.

तो आला. लाल ठिपका टेकवला. "चाळीस."

"मघाशी सत्तेचाळीस होतं!"

"होतं असं कधी कधी," तो गंभीरपणे म्हणाला आणि चहा संपेपर्यंत बसला.

मग कधी पस्तीस झालं, कधी पन्नास. तो दरवेळी यायचा. पण यायचा, तो साहेबांशीच बोलायचा! "काय साहेब, आज भूक आहे ना? रंग उजळलाय की!" तिने नवा कुर्ता घातला, तरी तो काचेत वाकलेलाच. हा माझ्यासाठी येतो की सरड्यासाठी? जगाची नजर तपासणाऱ्या मुलीला समोरचं अक्षर लागत नव्हतं.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "आणि एसीवाल्याची आपल्या टेबलापर्यंत. मला सगळं कळतं हो!"

"त्याला सरडे आवडतात, आई."

"हो का? असेल बाई."

आणि मग भाऊ परत आला. गुटगुटीत झालेल्या साहेबांना बघून त्याने ताईला मिठी मारली आणि पेटी, दिवा, दगड, सगळं गाडीत घालून आपल्या बिऱ्हाडी घेऊन गेला. टेबलावर उरली फक्त ती पांढरी डबी, वायर लोंबत.

डबी परत द्यायच्या निमित्ताने फोन करावा? ... पण डबी परत दिली की मग काहीच उरत नाही. आणि न द्यावी, तर फोन कुठल्या तोंडाने करायचा? साहेब असते तर खोटं तरी बोलता आलं असतं. ती रिकाम्या टेबलापाशी बसून राहिली. तिला तो हवा होता. इतकं साधं होतं ते, आणि तेच तिला सांगता येत नव्हतं.

फोन वाजला.

"सव्वीस दाखवतंय," तो म्हणाला. "साहेबांना थंडी वाजेल."

"साहेब गेले भावाकडे. पण... तुम्हाला कसं कळलं सव्वीस?"

"मोबाईलवर दिसतं ना. सांगितलं होतं मी. डबी बसवली त्या दिवसापासून दिसतंय."

तिच्या कानशिलांवर दगडाची सगळी ऊब एकदम चढली. "म्हणजे... मी सत्तेचाळीस म्हणाले, तेव्हा..."

"चाळीस होतं."

"आणि पन्नास?"

"तेव्हाही चाळीस. साहेबांच्या दगडाने एकदाही दगा दिला नाही हो."

"मग येत का होतात?" तिने जवळजवळ रडतच विचारलं. "आणि आलात की त्या सरड्याशी गप्पा मारायचात!"

"तुमच्याशी बोलायला गेलो की... शब्दच सुचायचे नाहीत. साहेबांशी जमायचं. पण तुमच्यासाठीच यायचो मी. पहिल्या दिवसापासून." मग तो हळूच म्हणाला, "आता साहेब नाहीत. तरी येऊ?"

तिने डबीची वायर उचलली, टोक मुठीत घट्ट धरलं. आकडा हलला. सत्तावीस... एकोणतीस... बत्तीस.

"दिसतंय?" तिने विचारलं.

"दिसतंय," तो हसत म्हणाला. "आता अगदी स्पष्ट दिसतंय."

"मग या."

"कोण गं?" आतून आईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चहाचं आधण ठेवलं.