सहाव्या खोलीचा डबा

जागा पाहायची, मोजायची आणि इथं धंदा चालेल की नाही ते सांगायचं, एवढंच तिचं काम. त्यात भावना आड येता कामा नये, असं ती ऑफिसातल्या नव्या मुलींना येता-जाता बजावत असे. तरी त्या दिवशी घरून निघताना तिनं आईला चक्क थाप मारली. "एक गोदाम बघून येते," म्हणाली. आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. तिनं नुसती मान हलवली, आणि शेजारीण जवळ बसली तशी ही निघाली.

जायचं होतं टेकडीवरच्या छातीच्या इस्पितळात. इस्पितळ केव्हाच पाडलं होतं. पेशंटच्या नातेवाइकांसाठी बांधलेल्या सहा खोल्यांची ओळ तेवढी उरली होती, आणि तिथं सुट्टीची कॉटेजेस करावीत असं नव्या मालकानं मनावर घेतलं होतं. पाहुण्यांनी यावं, आपलं आपण रांधून खावं, चार दिवस राहून जावं. कल्पना काही वाईट नव्हती. प्रत्येक खोलीत ओटा होता, धुराडं होतं, मोरी होती. पूर्वी नातेवाईक इथंच आपल्या माणसासाठी रांधायचे आणि चारची घंटा झाली की डबा घेऊन वॉर्डाकडे निघायचे.

हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षांची असताना सहाव्या खोलीत ती आईबरोबर अडीच महिने राहिली होती. वॉर्डात तिचा धाकटा भाऊ होता. हे काम नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण तिनं आजवर कुणाला दिलेलं नव्हतं.

राखणदार काका बोलके निघाले. "पाण्याला मरण नाही बघा, मॅडम. भर उन्हाळ्यात विहीर भरलेली. फक्त ती सहावी खोली धरू नका."

"का? गळते?"

"गळत नाही." काका जरा घुटमळले. "करपल्याचा वास येतो. चारच्या सुमाराला. धुराडं साफ केलं, ओटा घासला… जात नाही."

तिनं वहीत लिहिलं, 'धुराडं तपासणे.'

नळ सोडून पाणी येतं का बघा, असं सांगून काका पंप चालू करायला विहिरीकडे उतरले. तिनं टेप काढला. पाच खोल्या झाल्या. दोन पलंग सहज मावतील, ओटे उंच करावे लागतील, खिडक्यांना जाळ्या हव्यात. सहावीत शिरली तेव्हा पावणेचार झाले होते. फोटो काढले: ओटा, मोरी, दारामागचा डबा अडकवायचा हूक. हूक रिकामा होता, हे तिला पक्कं आठवतं.

लहानपणी, त्या शेवटच्या दिवशीही ती इथंच होती. आई औषध आणायला गेली होती. "भाताकडे लक्ष ठेव हं," एवढंच सांगून. तिला डुलकी लागली. मऊ भात करपून कोळसा झाला. आईनं परत येऊन पुन्हा रांधला, डबा गेला तो तासभर उशिरा, आणि नर्सनं तो तसाच परत दिला. झाकणही उघडलं नव्हतं. एरवी झाकणात एक घास ठेवलेला असायचा, ताईसाठी. भाऊ कितीही भुकेला असला तरी तेवढा ठेवायचा.

"उपाशी गेला गं," आई भिंतीकडे बघत एकदाच म्हणाली. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. डुलकीचं तर तिनं आईलाही कधी सांगितलं नाही.

टेप गुंडाळता गुंडाळता तिला वास आला. आधी पुसट… मग घशात बसेल असा. ओट्यावर काही नव्हतं. ती दाराकडे वळली.

हुकाला डबा होता.

खाली, जिथं आता एकही भिंत उभी नव्हती, तिथं घंटा झाली.

तिनं पळायला हवं होतं. पण डबा वेळेत पोचवायचा असतो, हे एकच तिच्या डोक्यात आलं. डब्याची कडी चटका बसण्याइतकी तापलेली होती. तळहात भाजत असतानाही तिनं ती सोडली नाही. वाट पायांना पाठ होती. गवतात बुडालेल्या जोत्यावर, भावाची खाट असायची त्या तिसऱ्या खिडकीच्या जागी, तिनं डबा ठेवला.

"आणलाय रे…" ती कुजबुजली. "करपलाय थोडा."

त्या वेळी नियम होता, डबा खिडकीत ठेवायचा आणि मागं न बघता फिरायचं. ती फिरली. पाठीमागं गवतात काही हललं नाही. फक्त डब्याच्या तळाला चमचा घासल्याचा आवाज येत राहिला, भुकेल्या पोराचा येतो तसा.

खोलीत परतली तर डबा हुकाला. रिकामा, हलका. झाकणात एक घास होता, अजून गरम. तिनं तो खाल्ला. करपट लागला. मग ती ओट्याशी बसून पोटभर रडली.

"पाणी आलं का?" काका दारातून डोकावले. नळ सोडायचं ती साफ विसरली होती. काकांनी हुंगून पाहिलं. "आज वास नाही, मॅडम."

अहवालात तिनं लिहिलं, 'पाच खोल्या योग्य. सहावी वापरात आहे.'

घरी पोचायला अंधार पडला. शेजारणीला निरोप देऊन ती आईच्या खोलीत गेली. आईनं काही न विचारता तिचा उजवा हात ओढून घेतला. तळहातावर कडीचा लाल वळ उठला होता. आई त्यावरून बोट फिरवत राहिली.

"खाल्लं त्यानं?"

तिनं मान हलवली.

"बरं झालं," आई म्हणाली. मग, दोन वर्षं कूसही न बदललेली आई हातांवर जोर देऊन उठली, पाय खाली सोडून बसली आणि अंधारात चपला चाचपू लागली.

"उद्याचा भात मी लावते… तुझा करपतो."